खालिद जमीलची सात वर्षं

ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला 2-1 असं हरवलं, आशियाई चषकाचं दार बंद झालं आणि आमच्या मेसमध्ये एकच सूर निघाला: देशी कोच आणला की हेच होणार. मला हे पटत नाही.

खालिद जमील म्हटलं की लोकांना 2017 चं ऐझॉल आठवतं. साहजिक आहे. आदल्या मोसमात घसरलेला संघ, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला, आणि तोच आय-लीग जिंकतो! 37 गुण, मोहन बागानचे 36. ईशान्येत नोकरी केलेल्यांना तिथल्या फुटबॉलचं वेड वेगळं सांगायला नको. व्हैरेंग्टेच्या कोर्सला आम्ही संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसायचो, तेव्हा मिझो जवान बॉल घेऊन निघालेले असायचे.

पण माझ्या मते हा माणूस कळतो तो त्याआधीच्या मुंबई एफसीमध्ये. कुवेतचा जन्म, आखाती युद्धामुळे कुटुंब भारतात आलं. एअर इंडिया, महिंद्र युनायटेड, भारताची जर्सी, मग दुखापती. 2009 मध्ये, बत्तिशीत, ज्या क्लबकडून शेवटचं खेळला त्याचाच तो कोच झाला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू थोडे, कूपरेजचं काम निघालं म्हणून काही मोसम घरचे सामने पुण्यात बालेवाडीला. सात वर्षांत विजेतेपद एकही नाही. पण संघ खालच्या विभागात एकदाही गेला नाही. तो सोडून गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात क्लब तळाला पोचला आणि पुढे बंदच पडला.

त्याच्यावरचा नेहमीचा आरोप म्हणजे, हा नुसता बचाव खेळतो. अरे, मग काय करायचं? निम्म्या नफरीत पोस्ट धरायची असेल तर आधी खंदक आणि फायर प्लॅन; हल्ल्याच्या गप्पा नंतर. फौजेत बचाव ही शिवी नाही.

सिंगापूरविरुद्ध मात्र छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल करूनही आघाडी टिकली नाही, आणि बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोचला हे विचारायलाच हवं. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. त्यालाही सबब नाही. पण त्याच्या हातात काय होतं तेही बघा. नेमणूक ऑगस्टमध्ये. पहिल्याच स्पर्धेला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, तरी ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक आणला. आयएसएल हक्कांच्या करारात अडकलेली, म्हणजे खेळाडूंना सामन्यांचा सराव नाही. अशा रसदीवर कुठला कमांडर मोहीम काढेल?

सावियो मेडेइरांनंतर तेरा वर्षं परदेशी कोच झाले. स्टिमॅचला त्यातली पाच मिळाली. जमीलचा हिशेब आपण साडेतीन महिन्यांत मांडायला बसलो.

माझी खरी काळजी पुढच्या जमीलची आहे. बत्तिशीच्या, नाव नसलेल्या भारतीय कोचला सात मोसम देणारा क्लब आज मला तरी देशात दिसत नाही.