ड्युई परत का गेला?

'स्क्रीम' ही अमेरिकन भयपटांची मालिका. घोस्टफेसचा पांढरा मुखवटा घालून कुणीतरी खून करत सुटतो आणि प्रत्येक चित्रपटात मुखवट्यामागचा चेहरा वेगळा असतो. ही मालिका मोठ्यांसाठी आहे आणि तिच्यातल्या रक्तपाताची बाजू मला घ्यायची नाही. मला लिहायचे आहे ते ड्युई रायलीबद्दल. डेव्हिड अर्क्वेटने रंगवलेले हे पात्र दुय्यम आहे, तरीही माझ्या मते धैर्य म्हणजे काय हे कॅडेटला त्याच्याकडून शिकता येते.

१९९६ च्या पहिल्या चित्रपटात ड्युई वुड्सबरो गावाचा डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा तरुण पोलीस असतो. त्याला कुणी मोजत नाही. मी बिल्ला लावलेला असताना तरी मला पोलीस समज, असे आईने तुला सांगितले आहे ना, अशी तक्रार तो सख्ख्या बहिणीकडे करतो. आपल्याला हसू येते. शेवटी त्याच्या पाठीत सुरा बसतो. पटकथेत तो मरणारच होता. पण दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांनी तो वाचल्याचे दृश्यही चित्रित करून ठेवले होते. आधी दाखवलेल्या खेळात प्रेक्षकांना ड्युई इतका आवडला की तेच दृश्य कायम झाले.

त्या एका रात्रीत त्याची बहीण मारली जाते आणि त्याला कायमची इजा होते. १९९७ च्या दुसऱ्या भागात, नायिका सिडनीच्या कॉलेजात पुन्हा खून सुरू झाल्याचे कळताच तो लंगडत तिथे हजर होतो. त्याला कुणी हुकूम दिलेला नसतो. पहिल्यांदा धोक्यात शिरणाऱ्याला धोक्याची पुरती कल्पना नसते. ड्युईला ती होती, तरी तो गेला. मला हे अधिक मोठे वाटते.

२०२२ च्या चित्रपटात त्याची नोकरी गेली आहे, संसार मोडला आहे आणि तो एकटाच दारू पीत राहतो. मदत मागायला आलेल्या तरुणांना तो आधी नकार देतो, पण नंतर येतो. रुग्णालयात तो घोस्टफेसला गोळ्या घालून पाडतो, सगळ्यांना लिफ्टपर्यंत पोहोचवतो आणि स्वतः मागे फिरतो. पडलेला खुनी पुन्हा उठतो, हे त्याला अनुभवाने माहीत असते. नेमका तेव्हाच फोन वाजतो, लक्ष विचलित होते आणि तो मारला जातो.

माझे काही मित्र याला मूर्खपणा म्हणतात. एकट्याने परत जायला नको होते, असे त्यांचे म्हणणे. डावपेच म्हणून ते बरोबर आहे, आणि क्षणभर ढळलेले लक्ष किती महाग पडते हेही इथे दिसते. पण तो परत गेला नसता तर धोका त्या मुलांच्या मागे लागलाच असता. त्याने तो स्वतःवर घेतला. त्याला मूर्ख म्हणणे मला पटत नाही.

आपल्या शाळेत धैर्य म्हटले की आपण सर्वांत बलवान, सर्वांत वेगवान कॅडेटकडे बघतो. ड्युई यांपैकी काहीच नव्हता. ज्याची आपण चेष्टा करतो, तो कॅडेट संकटात कुठे उभा असेल, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरवू नये.