मलालाचा चेहरा आणि कॅमेऱ्याची जबाबदारी

अफगाणिस्तानातील मुलींच्या माध्यमिक शाळांना सप्टेंबर २०२१ मध्ये लागलेले कुलूप अद्याप निघालेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारेही स्त्रियांना बंद झाली. युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या बंदीमुळे किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून वंचित राहिल्या आहेत. प्राथमिक शाळेच्या पुढे मुलींनी शिकू नये, असा सरकारी आदेशच असलेला हा जगातील एकमेव देश आहे. या पार्श्वभूमीवर डेव्हिस गुगेनहाइम यांचा ‘ही नेम्ड मी मलाला’ हा २०१५ चा माहितीपट पुन्हा पाहिला, की तो प्रदर्शित झाला तेव्हा कौतुकाच्या गर्दीत मागे पडलेला एक प्रश्न समोर येतो. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या अल्पवयीन मुलीचा चेहरा जगाला दाखवावा का, आणि दाखवायचा तर त्याची जोखीम कोणी उचलायची?

चित्रपटाचे शीर्षक मलाला युसुफझाई यांचे वडील झियाउद्दीन यांच्याकडे बोट दाखवते. मुलीचे नाव त्यांनी ठेवले, तेही मैवंदच्या मलालईवरून. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे ब्रिटिश फौजेचा पराभव झाला. त्या लढाईत खचलेल्या अफगाण सैनिकांना मलालई नावाच्या तरुणीने पुन्हा रणात उभे केले आणि ती स्वतः तेथेच पडली, अशी आख्यायिका पश्तुन घराघरांत सांगितली जाते. गुगेनहाइम यांनी हा प्रसंग हाताने रेखाटलेल्या चलच्चित्रांतून उभा केला असून चित्रपटातील तो सर्वात देखणा भाग आहे. पराभूत फौजेत मुंबई इलाख्याच्या सैन्यातील ग्रेनेडियर्स व जेकब रायफल्स या पलटणी होत्या, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे असे. एकाच्या वीरगाथेत दुसऱ्याच्या घरची माणसे मरत असतात. चित्रपटाला अर्थातच तिकडे वळण्याचे कारण नव्हते.

मलाला यांचा जन्म १२ जुलै १९९७ रोजी स्वात खोऱ्यातील मिंगोरा येथे झाला. सुमारे ३०० वर्षांच्या कौटुंबिक वंशावळीत एकाही स्त्रीचे नाव नव्हते. झियाउद्दीन यांनी त्यात आपल्या मुलीचे नाव लिहिले. ते स्वतः शाळा चालवीत. बोलताना अडखळत, तरीही सभांतून बोलत राहत. वडिलांचे तोतरे बोलणे आणि मुलीचे अस्खलित वक्तृत्व चित्रपटाने शेजारी शेजारी ठेवले आहे, आणि त्यावर फारसे भाष्य न करण्याचा संयमही दाखविला आहे.

पडद्यावर जे थोडक्यात येते, त्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. २००८ च्या अखेरीस स्वातवर मुल्ला फजलुल्लाच्या तालिबानी गटाची पकड होती. १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद राहतील, असे फर्मान त्यांनी काढले. बीबीसी उर्दूला तेथील एखाद्या विद्यार्थिनीची दैनंदिनी हवी होती. प्रथम दुसऱ्या एका मुलीला विचारण्यात आले, पण तिच्या पालकांनी जिवाच्या भीतीने नकार दिला. मग ११ वर्षांच्या मलालाने ती जबाबदारी घेतली आणि जानेवारी २००९ पासून ‘गुल मकई’ या टोपणनावाने तिच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. टोपणनाव ही त्या मुलीची ढाल होती. शब्द जगापर्यंत पोहोचत होते आणि लिहिणारी पडद्याआड सुरक्षित होती.

त्याच जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी ॲडम एलिक व इरफान अश्रफ यांनी ‘क्लास डिसमिस्ड’ या लघुपटाचे चित्रीकरण सुरू केले. शाळा बंद होण्याच्या आदल्या दिवशी कॅमेरा युसुफझाई यांच्या घरात होता. आपल्याला डॉक्टर व्हायचे आहे, असे सांगताना मलालाला रडू कोसळते. वडिलांना मात्र तिच्यात राजकीय नेतृत्वाचे गुण दिसतात. मुलीचा चेहरा, आवाज, घर, शाळा सारे काही त्या लघुपटात आले. पुढे अनेक वर्षे मुलींच्या शिक्षणावर तिच्याइतके प्रभावी कोणी बोलले नाही, हे खरे. परंतु ढाल गळून पडली ती याच काळात. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत शिरलेल्या बंदूकधाऱ्याने तिचे नाव विचारले आणि गोळी झाडली. तिच्या दोन वर्गमैत्रिणीही जखमी झाल्या. लघुपटाच्या कामात सहभागी असलेल्या अश्रफ यांनी हल्ल्यानंतर स्वतःला वाटणारी अपराधाची टोचणी जाहीरपणे बोलून दाखविली. वृत्तव्यवसायात अशी कबुली क्वचितच मिळते.

गुगेनहाइम यांच्यापुढे हा सारा इतिहास होता. ‘ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ या माहितीपटाला ऑस्कर मिळवून देणारा हा दिग्दर्शक नवखा नव्हता. वडिलांनी आपल्या महत्त्वाकांक्षेसाठी मुलीला पुढे केले का, हा पाकिस्तानात सतत विचारला जाणारा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. वडिलांनी केवळ नाव दिले, हा मार्ग मात्र आपण स्वतः निवडला, असे मलाला यांचे उत्तर आहे. ते मनापासून दिलेले आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही ११ व्या वर्षी केलेल्या निवडीचा अर्थ काय, हे प्रौढांनी स्वतःला विचारायचे असते. चित्रपट पिता व कन्या यांच्या नात्यावर थांबतो. त्या नात्यापलीकडे बातमीदार, वाहिन्या, पुरस्कार देणाऱ्या संस्था आणि संरक्षण देऊ न शकलेले सरकार, असा मोठा गोतावळा होता. तो या चौकटीत जवळजवळ दिसतच नाही.

दुःखाविषयी विचारले की मलाला विषय बदलतात, हे दिग्दर्शकाच्या लक्षात येते आणि तो ते बोलूनही दाखवतो. त्या शांतपणे हसतात. बर्मिंगहॅमच्या घरात भावांशी भांडणारी, शाळेतील गुणांची चिंता करणारी, क्रिकेटपटूच्या छायाचित्रावर लाजणारी मुलगी दाखवून चित्रपटाने तिला प्रतिमेच्या तुरुंगातून थोडे बाहेर काढले आहे, याचे श्रेय द्यावेच लागेल. संयुक्त राष्ट्रांतील भाषण किंवा २०१४ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्यासह मिळालेले शांततेचे नोबेल हे भाग त्यामानाने परिचित व गुळगुळीत वाटतात.

आई तूर पेकई मात्र कडेला राहिल्या आहेत. लहानपणी शाळेत एकट्या मुलीला करमत नसल्याने त्यांनी पुस्तके विकून त्या पैशांचा खाऊ घेतला आणि शाळा संपली. त्यांच्या बाबतीत कोणी बंदूक रोखली नव्हती, फर्मान काढले नव्हते. सोबतीला मुली नव्हत्या, घरी कोणी आग्रह धरला नाही, एवढेच. दक्षिण आशियातील असंख्य मुलींचे शिक्षण अशाच निमूटपणे थांबते. पाकिस्तानात सुमारे २ कोटी ६० लाख मुले शाळेबाहेर असल्याचे मान्य करून तेथील सरकारने मे २०२४ मध्ये शैक्षणिक आणीबाणी घोषित केली. त्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाट्याला तालिबान आलेला नाही. गरिबी, लांबची शाळा, शिक्षिकांचा अभाव आणि लवकर होणारे विवाह ही त्यांच्यापुढील कारणे. गोळीची कथा पडद्यावर सांगता येते, खाऊसाठी विकलेल्या पुस्तकांची कथा सांगणे अवघड असते. तूर पेकई यांना चित्रपटात आणखी अर्धा तास मिळाला असता, तर तो अधिक खरा झाला असता.

मायदेशात मलाला यांच्याविषयी असलेला दुरावाही समजून घ्यावा लागेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील खासगी शाळांच्या एका संघटनेने ‘मी मलाला नाही’ दिन पाळला. २०२१ मध्ये पंजाब प्रांतात त्यांचे छायाचित्र असलेल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या. यात कट्टरता होतीच. परंतु पाश्चिमात्य कॅमेऱ्याने आपल्यातील एकीला निवडून घेतले आणि बाकीच्यांना अंधारात ठेवले, ही भावनाही होती. या भावनेला वस्तुस्थितीचा थोडा आधार आहे, म्हणूनच तिचा गैरफायदा घेणे सोपे गेले. (आपल्याकडे २०२० मध्ये ‘गुल मकई’ हा हिंदी चरित्रपट येऊन गेला, तो फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.)

काबूलवर तालिबानने पुन्हा ताबा मिळविल्यानंतर बनलेला ‘ब्रेड अँड रोझेस’ हा माहितीपट येथे आठवतो. दिग्दर्शिका सहरा मानी अफगाण आहेत आणि मलाला त्याच्या कार्यकारी निर्मात्या आहेत. २०२३ मध्ये कान महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. त्यातील बरेचसे चित्रीकरण काबूलमधील स्त्रियांनी स्वतःच्या मोबाइलवर केलेले आहे. चौकट हलते, प्रकाश अपुरा असतो, काही ठिकाणी केवळ आवाज आणि धावणारी पावले. येथे कॅमेरा बाहेरून आलेला नाही. काय टिपायचे आणि केव्हा थांबायचे, याचा निर्णय बहुतांशी जिच्यावर संकट आहे तिच्याच हाती राहतो. मिंगोऱ्याच्या घरात २००९ मध्ये हा निर्णय पाहुण्यांच्या आणि वडिलांच्या हाती होता.

जानेवारी २०२५ मध्ये मुस्लिम समाजातील मुलींच्या शिक्षणावर इस्लामाबादमध्ये आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मलाला तेथे बोलल्या आणि तालिबान स्त्रियांना माणूस मानत नाही, असे त्यांनी मुस्लिम देशांच्या प्रतिनिधींसमोर सांगितले. निमंत्रण असूनही काबूलहून कोणीही आले नव्हते.