बंदी यंत्राला की गाण्याला?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून नागपूर-अमरावतीकडच्या वॉटर पार्कांच्या दिशेने गाड्या सुटू लागतात. वणी घ्या, आर्णी घ्या, पुसद-उमरखेड घ्या. वस्तीतली पंधरा-वीस पोरे वर्गणी काढतात, गाडी ठरवतात, डबे बांधतात आणि पहाटेच निघतात. ज्यांना तेवढे परवडत नाही ती पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला जातात, नाहीतर गावच्या नगर परिषदेच्या बागेत संध्याकाळ काढतात. सोबत मुठीएवढा ब्ल्यूटूथ स्पीकर असतोच. गाडीत भीमगीते वाजत असतात. गेटवर पोचले की सुरक्षारक्षक हात आडवा करतो आणि सांगतो, हे आत नेता येणार नाही.

शिष्यवृत्ती रखडली आहे, भरती बंद आहे, आणि वकीलसाहेब स्पीकरवर काय लिहीत बसले, असे एखादा कार्यकर्ता म्हणेल. म्हणू द्या. सार्वजनिक जागेत कोणी कसे वागायचे हे कोण ठरवणार, हा प्रश्न चळवळीला नवा नाही. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, तरी १९२७ साली महाडला जावेच लागले. कागदावरचा हक्क गेटवर कसा वागवला जातो, तिथेच त्याची परीक्षा होते.

आधी कायद्याचे बोलू. करमणुकीच्या खासगी बागेला स्पीकर, टेप, प्लेअर आत आणू न देण्याचा अधिकार आहे काय? आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्याच्या प्रकरणात निकाल दिला. जागा मालकाची आहे, प्रवेशाच्या अटी तो घालू शकतो, मात्र त्या अटी सार्वजनिक हिताच्या, सुरक्षेच्या आणि कल्याणाच्या विरोधात नसाव्यात, असा त्याचा आशय आहे. हाच न्याय बागेला लावला तर स्पीकरबंदी टिकेल. तिला कारणेही आहेत. पाळणा उलटा फिरत असताना खिशातला मोबाईल निसटून खाली उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात पडू शकतो. हेडफोनची वायर चाकात किंवा गळ्यात अडकू शकते. आणि दहा टोळक्यांचे दहा स्पीकर एकाच वेळी लागले तर घोषणा ऐकू जात नाही. आत रेन डान्सच्या नावाखाली त्यांचाच डीजे छाती हादरवत असतो, हा भाग वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० त्यांनाही लागू आहेत आणि त्याची तक्रार आपण करू शकतो. पण त्यामुळे आपला स्पीकर आत नेण्याचा हक्क निर्माण होत नाही.

नगर परिषदेच्या बागेत मालक जनताच आहे, म्हणून तिथे काहीही चालते असेही नाही. याच नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. २०१० च्या दुरुस्तीने तर सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकरच नव्हे, आवाजाचे कोणतेही साधन मोजमापाखाली आणले. मुठीएवढा स्पीकरही त्यात येतो. जाता जाता एक सांगतो. या नियमांच्या भंगाला पाच वर्षे कैद, असे आजही काही भाषणांत ऐकू येते. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या त्या कलमात कैदेऐवजी दंडाची तरतूद आली आहे. कार्यकर्त्यांनी जुनी पुस्तके पाहून पत्रके काढू नयेत.

तेव्हा रक्षक जर म्हणाला, 'बंद करा', तर बंद करावे. माझा मुद्दा याच्या पुढे सुरू होतो.

माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची हकिकत सांगतो. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. संध्याकाळी बागेत तो आणि त्याचे तीन मित्र बसले होते. मोबाईलवर भीमगीत लागले होते, आवाज मध्यम. पलीकडच्या बाकावर दुसऱ्या मंडळींच्या मोबाईलवर भजन चालले होते, त्याचाही आवाज तेवढाच. चौकीदार आला आणि या चौघांना म्हणाला, 'गाणे बदला.' त्याने बंद करा म्हटले नाही, आवाज कमी करा म्हटले नाही. बदला म्हटले. पोरांनी काय केले? एक सिनेमाचे गाणे लावले आणि पाचच मिनिटांत उठून गेली. चौकीदार समाधानाने निघून गेला. भजन चालूच होते.

'बंद करा' आणि 'बदला' या दोन शब्दांत सगळे आले. पहिला शब्द आवाजाबद्दल आहे, दुसरा माणसाबद्दल. बागेत डेसिबल मोजायचे असतील तर मोजा, पण ते बाबासाहेबांच्या नावाने वाढत नाहीत आणि भजनाने कमी होत नाहीत. नियम करायचा तर यंत्राचा करा, आणि तो प्रत्येक बाकावर सारखा लावा. गाणे निवडून होणारी बंदी हा नियम नसतो. ती जुनीच गोष्ट नव्या गणवेशात उभी असते.

हे मी अतिशयोक्तीने लिहितो आहे असे ज्यांना वाटते त्यांनी शिर्डी आठवावी. १६ मे २०१५ रोजी लग्नासाठी आलेल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याचा मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. तेवढ्यावरून वाद झाला, त्याला मारहाण करून उचलून नेले आणि त्याचा खून झाला. रिंगटोन किती सेकंद वाजते? कोणाच्या कानाला त्रास होण्याइतकाही तो वेळ नसतो. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात बोंढार हवेली येथे १ जून २०२३ रोजी एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग हे कारण फिर्यादीत आहे. या बातम्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहेत. म्हणूनच एसटीत बसल्यावर फोन सायलेंट करणारी पोरे मी पाहतो. लग्नाला परगावी जाताना रिंगटोन बदला, असे आया सांगतात. चौकीदाराच्या एका शब्दावर चार जण मुकाट उठून जातात ते उगाच नाही.

आणि हे गाणे आपल्या हातात आले तरी कसे? वामनदादा कर्डक गावोगाव फिरले. २००४ साली ते गेले, तोवर त्यांची गाणी वह्यांतून आणि गळ्यांतून पसरली होती. पुढे टेपरेकॉर्डर स्वस्त झाला आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज कॅसेटमधून झोपडीत शिरला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागत, मग सीडी आली, मग पेन ड्राइव्ह. मधली काही वर्षे तर मोबाईलच्या दुकानात जाऊन मेमरी कार्ड भरून घेण्याची होती. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर भीमगीतांचे वेगळे फोल्डर असे आणि शेतमजूर बाई पदराच्या गाठीतले पैसे देऊन म्हणे, सगळी टाक. ज्यांच्या गाण्याला गावच्या पारावर जागा नव्हती त्यांना या खिशातल्या यंत्राने स्वतःचा आवाज दिला. दुसऱ्या कोणासाठी तो टाइमपास असेल. आमच्यासाठी त्या पाच इंचांच्या डबीत दोन पिढ्यांची शाळा आहे.

करमणुकीच्या बागांनी आपले नाव पुसण्याचा अनुभवही ताजा आहे. नागपूरच्या अंबाझरी उद्यानातले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली जमीनदोस्त झाले. त्या परिसरात मनोरंजनाचा प्रकल्प यायचा होता. पुढे आपल्या भगिनींनी तिथे प्रदीर्घ ठिय्या दिला. ज्यांनी हे पाहिले त्यांना बागेच्या गेटवरचा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे हे शब्द स्पष्ट आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा एका सदस्याने सार्वजनिक वावराच्या जागेत दफनभूमी येते का, असे विचारले. मेल्यावर आपले काय होते याची फारशी कोणाला फिकीर नसावी, असा चिमटा काढून बाबासाहेबांनी सांगितले की सार्वजनिक पैशातून ती चालत असेल तर येते. जिथे दफनभूमी येते तिथे नगर परिषदेची बाग येणारच. खासगी पार्कही सुटत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मध्ये करमणुकीच्या व्याख्येत खेळ, प्रदर्शन आणि मनोरंजनाचा कोणताही प्रकार येतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून अशा ठिकाणी प्रवेश नाकारला तर कलम ४ खाली एक ते सहा महिने कैद आणि दंड आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालयाने कलम १२ प्रमाणे गृहीत धरायचे असते. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्यापासून रोखणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मात्र एक वकील म्हणून बजावतो. सगळ्यांचेच स्पीकर गेटवर जमा होत असतील आणि आपलाही झाला, तर ती अॅट्रॉसिटी नव्हे. अशी तक्रार न्यायालयात पहिल्या तारखेलाच ढासळते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीची किंमत कमी करते. भेदभाव दाखवायचा तर दुसऱ्याला दिलेली मोकळीक दाखवावी लागते. म्हणून हुज्जत घालू नका. गेटवर नियमांचा फलक आहे का ते पाहा आणि त्याचा फोटो घ्या. दुसऱ्या मंडळींचा स्पीकर आत वाजत असेल तर वेळ दिसेल असे चित्रीकरण करा. रक्षकाचे नेमके शब्द त्याच दिवशी लिहून काढा, सोबतच्या दोघांच्या सह्या घ्या, आणि व्यवस्थापकाला किंवा मुख्याधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 'बदला' हा शब्द जसाच्या तसा कागदावर आला पाहिजे.

आता थोडे आपल्याच माणसांना. बागेत आपली म्हातारी माणसे बसतात, तान्ही लेकरे असतात, अभ्यास करणारी पोरगी असते. त्यांच्या कानाशी स्पीकर लावून चळवळ पुढे जात नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभारून आपण खिडक्यांच्या काचा हादरवतो, त्या वेळी गाण्याचा एक शब्द तरी कळतो का? ज्या शब्दांसाठी कवी उपाशी फिरले ते शब्दच आवाजात बुडतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. आमच्या डीजेवाल्यांना आठवड्याचे तास सोडा, एक संध्याकाळही पुरते.

मग हेडफोन लावा, असे कोणी म्हणेल. लावावा, अभ्यासिकेत आणि एसटीत जरूर लावावा. पण भीमगीत हे एकट्याने कान झाकून ऐकायचे गाणे नव्हे. त्याला मागे झील धरणारे लागतात. वॉटर पार्कच्या रांगेत स्पीकर गाडीत राहिला म्हणून काय झाले? पोरांना टाळ्यांवर चार कडवी म्हणता येत नसतील तर खंत त्याची करावी. गळा गेटवर जमा करून घेणारा रक्षक अजून नेमला गेलेला नाही.

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि बऱ्याच गावांत सार्वजनिक पैशातून बागा उभ्या आहेत. त्यांच्यात ध्वनीबाबत लेखी नियम आहे का, तो कोणत्या ठरावाने झाला, फलक कुठे लावला आहे आणि गेल्या वर्षभरात त्याखाली कोणावर कारवाई झाली, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर तेवढ्याच कारणावरून तो परत येतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखल्याची प्रत जोडली की तेही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले नाही तर अपील कसे करायचे ते विहारातल्या रविवारच्या बैठकीत समजावून घ्या.