फ्लेक्स स्वस्त नाही

'पर्यावरणपूरक घरे' अशी जाहिरात पीव्हीसीच्या फ्लेक्सवर छापून चौकात लावण्यात बांधकाम व्यावसायिकांना काही गैर वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही इमारत कशी बांधतो ते तपासा, सौरऊर्जा बसवली का ते पाहा. जाहिरात कशावर छापली हा किरकोळ तपशील आहे. मला हे मुळातच मान्य नाही. जाहिरात हासुद्धा धंद्याने निर्माण केलेला मालच आहे. त्याला कच्चा माल लागतो, वीज लागते आणि काम संपल्यावर त्याचा कचरा होतो.

हा कचरा साधा नसतो. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला पीव्हीसीचा थर. थर आणि जाळी वेगळी करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला तो घेत नाही. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. उघड्यावर जाळला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात.

'प्लॅस्टिकवर बंदी आहेच की,' असे यावर सांगितले जाते. बंदी आहे, पण कशावर? 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लॅस्टिकबंदीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर येतात. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, म्हणजे तो सहीसलामत सुटतो. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. 'हरित', 'पर्यावरणस्नेही' असे मोघम शब्द वापरायचे तर पुरावा द्या, असे त्या सांगतात. पाऊल चांगलेच आहे. मात्र तिथे झडती होते ती मजकुराची. मजकूर ज्या फलकावर छापला त्याला कोणी काही विचारत नाही.

दुसरा युक्तिवाद ऐकायला माणुसकीचा आहे: उतरवलेला फ्लेक्स वाया जात नाही, गरिबाच्या छपरावर जातो. खरे आहे. ऊसतोड मजुरांच्या कोपीवर, भाजीच्या हातगाडीवर, गोठ्याच्या आडोशाला नेत्यांचे आणि दागिन्यांच्या दुकानांचे चेहरे दिसतात. पण असा एखादा जुना तुकडा हातात घेऊन पाहा. उन्हाने रंग उडालेला असतो, कडेला जाळीचे धागे उघडे पडलेले असतात, घडी घातली की तिथेच तडा जातो आणि बोटांना पांढरी भुकटी लागते. तीच भुकटी पावसाबरोबर शेतात आणि ओढ्यात जाते. उरलेल्या चिंध्या शेवटी शेकोटीत किंवा चुलीत पडतात आणि तो धूर घेणारी माणसे जाहिरातदाराच्या घरची नसतात. गरिबाला निवारा द्यायचा असेल तर धड ताडपत्री द्यावी. आपला कचरा त्याच्या डोक्यावर टाकून त्याला पुनर्वापर म्हणू नये.

सगळ्यात भक्कम मुद्दा म्हणून किंमत पुढे केली जाते. छोट्या दुकानदाराला चौरस फुटाला काही रुपयांत फ्लेक्स मिळतो, कापड आणि पेंटर परवडत नाही. पण त्या दरात काय धरलेले नाही ते पाहा. फलक उतरवायला महापालिकेचे कर्मचारी आणि ट्रक लागतो, टाकायला कचरा डेपो लागतो. हा खर्च करदाता भरतो आणि नफा जाहिरातदाराचा राहतो. या फुकट सवलतीनेच फलकांचा सुळसुळाट झाला आहे. पेंटरला दिवसभर बसून रंगवावे लागे तेव्हा कापडी फलक कारणाशिवाय लागत नसे. आता वाढदिवसालाही चौक झाकला जातो. वीस फलकांच्या गर्दीत एकविसावा कोणी वाचत नाही, त्यामुळे प्रत्येकाला शेजारच्यापेक्षा मोठा हवा असतो. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळात कोसळून 17 जणांचा बळी घेणारा फलक 120 फूट लांब आणि 120 फूट रुंद होता. कमाल परवानगी 40 बाय 40 ची. म्हणजे मर्यादेच्या नऊपट क्षेत्रफळ.

'मग एलईडी पडदे लावू' हा उपाय मला अर्धवट वाटतो. फ्लेक्सचा कचरा टळेल, पण पडदा पहाटेपर्यंत जळत राहील, आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळशावर तयार होते.

मार्ग दुसरीकडे आहे आणि तो देशातच चालून दाखवला गेला आहे. केरळने 2019 मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली आणि सुती कापड व पुनर्वापर होणारे पॉलिथिलीन यांना वाट मोकळी केली. फलकावर छपाई करणाऱ्याचे नाव आणि वापराची अखेरची तारीख छापणे सक्तीचे केले. या दोन ओळींत जबाबदारी ठरते: कोणी छापला आणि तो कधी उतरायला हवा होता, हे रस्त्यावरचा कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे महापालिकांच्या आकाशचिन्ह विभागांनी हीच अट परवान्यात घालावी, जोडीला अनामत रक्कम घ्यावी आणि फलक छापणाऱ्याकडे परत गेल्याची पावती दाखवल्यावरच ती परत करावी. कापडाच्या नावाखाली पॉलिस्टर खपवले जाणार नाही यावरही नजर हवी. कापूस पिकवायलाही पाणी आणि फवारणी लागते, म्हणून फलक कमी आणि छोटे हवेत, हे कापडाच्या बाबतीतही तितकेच खरे. दुकानाची कायमची पाटी तर पत्र्यावर किंवा लाकडावर रंगवून घ्यावी. ती वर्षानुवर्षे टिकते आणि गावातल्या पेंटरला काम मिळते.

यासाठी सरकारच्या आदेशाची वाट पाहण्याचीही गरज नाही. गणेशोत्सवात मांडवापुढच्या कमानींवर सर्वाधिक जाहिराती असतात आणि त्या पैशावर अनेक मंडळांचा खर्च भागतो. म्हणजे अट घालण्याची ताकद मंडळांकडे आहे. जाहिरात कापडावरच घेऊ आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत जाहिरातदाराने ती स्वतः उतरवून न्यावी, असे करारपत्रात लिहून घ्यायला कार्यकर्त्यांच्या एका बैठकीपलीकडे काही लागत नाही. श्रावणात कमानींचे दर ठरतात, तेव्हाच हे कलम घालता येईल.