बातमी की फीचर? ब्रह्मनाळच्या बोटीवरून समजून घ्या

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथं पूरग्रस्तांना घेऊन जाणारी बोट उलटली. काय झालं, कुठं, किती जण दगावले, हे तातडीनं सांगणं बातमीचं काम. त्यामुळे महत्त्वाचं ते पहिल्याच वाक्यात येतं. सुरुवातीला मृतांचा आकडा ९ होता, पुढे तो १७ झाला. नवी माहिती आली की बातमी बदलते.

फीचर, म्हणजे वृत्तलेख, 'असं का झालं?' हे शोधतो. त्यासाठी तो नदीच्या वरच्या अंगाला जातो. सातारा जिल्ह्यात उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते, कराडला कोयना, तर ब्रह्मनाळजवळ येरळा. मग प्रश्न येतात: धरणांतून पाणी कधी सोडलं? गावाला सूचना कधी मिळाली? बोटी पुरेशा होत्या का? त्या कुटुंबांचं पुढे काय झालं?

वृत्तलेखाची भाषा गोष्टीसारखी असू शकते, पण तपशील बातमीइतकेच पक्के लागतात.

म्हणून शेअर करण्याआधी बातमीची तारीख बघा आणि लेखक कुणाकुणाशी बोललाय ते वृत्तलेखात शोधा. बातमी वाचून आपण हळहळतो. पुढच्या पुराआधी काय बदलायला हवं, ते चांगल्या वृत्तलेखातून कळतं.