तीन टक्क्यांचा माणूस

२०१९ साली श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अनुरा कुमारा दिसानायके तिसरे आले. मतं ३.१६ टक्के. २०२४ साली तेच दिसानायके त्याच पदासाठी पुन्हा उभे राहिले आणि ४२.३१ टक्के मतं घेऊन पहिले आले. तिकडे मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहिता येते. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्यामुळे श्रीलंकेत पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, आणि पाच वर्षांपूर्वी ज्याला कुणी हिशेबात धरत नव्हतं तो माणूस राष्ट्राध्यक्ष झाला.

आपल्याकडे या निकालाचं विश्लेषण दोन वाक्यांत उरकलं गेलं. एक, ‘लोक चिडले होते, चिडलेले लोक कुणालाही निवडून देतात.’ दोन, ‘कम्युनिस्टाने फुकटाची आमिषं दाखवली, लोक भुलले.’ ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि फॅमिली ग्रुपवर ही वाक्यं फार चालतात, कारण दोन्हींत मतदार बावळट ठरतो आणि बोलणारा शहाणा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. राजकारणावरचा विश्वास उडालेला मतदार सगळ्यांत चिकित्सक असतो. आश्वासनांची किंमत त्याच्या लेखी शून्य झालेली असते, म्हणून तो उमेदवारात दुसरं काहीतरी तपासायला लागतो. ते काय, हे समजून घ्यायला श्रीलंकेसारखं उदाहरण नाही. तिथल्या वैतागलेल्या मतदाराने पाच वर्षांत दोनदा मत दिलं, आणि पहिल्या खेपेला तो सपशेल फसला.

ती पहिली खेप आपल्याला सोयीस्कररीत्या आठवत नाही. आठवायला हवी, कारण त्या वेळी निवडून आलेला माणूस आपल्या आवडीचा होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना अचानक काढून महिंदा राजपक्षे यांना बसवलं. काही आठवडे देशात दोन माणसं ‘पंतप्रधान मीच’ म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या दणक्यानंतर विक्रमसिंघे परतले, पण राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. त्यातच २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या दिवशी, चर्च आणि हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि अडीचशेहून जास्त माणसं मेली. हल्ल्याची आगाऊ खबर गुप्तचर यंत्रणेकडे होती, हे नंतर बाहेर आलं. अशा वेळी लोकांना वाटलं, पुरे झाले हे राजकारणी. एखादा काम करणारा माणूस आणा.

तो माणूस तयारच होता. गोटाबाया राजपक्षे. कधी कुठली निवडणूक लढवली नव्हती. माजी लष्करी अधिकारी, दहा वर्षं संरक्षण सचिव, २००९ मध्ये युद्ध संपवल्याचं श्रेय नावावर, कोलंबोतले चकाचक फुटपाथ आणि वॉकिंग ट्रॅकही नावावर. मधल्या काळात ते अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या लोयोला लॉ स्कूलमध्ये सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. त्यांच्यामागे ‘वियथमग’ नावाची डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, व्यावसायिक यांची संघटना होती. पॉवरपॉइंट होते. भाऊ माजी राष्ट्राध्यक्ष असूनही हा माणूस ‘राजकारणाबाहेरचा’ म्हणून विकला गेला आणि ५२.२५ टक्के मतं घेऊन निवडून आला.

पुढचं सर्वांना माहीत आहे, पण क्रम बघण्यासारखा आहे. २०१९ च्या डिसेंबरात करांमध्ये प्रचंड कपात, व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ वर. भाऊ महिंदा पंतप्रधान, नंतर दुसरा भाऊ बसिल अर्थमंत्री. २०२० मध्ये पक्षाला संसदेत २२५ पैकी १४५ जागा आणि त्यापाठोपाठ विसावी घटनादुरुस्ती. आधीच्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांना घातलेले बांध तिने काढून टाकले. मग २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांवर बंदी. ना टप्पे, ना तयारी. शेतीतल्या जाणकारांनी धोक्याचा इशारा दिला, शेतकरी रस्त्यावर आले, तरी निर्णय तसाच राहिला. काही महिन्यांनी तो मागे घेतला तेव्हा हंगाम हातचा गेला होता.

आमच्या क्षेत्रात सगळ्यांत ज्युनिअर पोरालासुद्धा चाचणीशिवाय थेट प्रॉडक्शनवर कोड ढकलू देत नाहीत. तो पोरगा हुशार नसतो म्हणून हा नियम केलेला नाही. हुशार माणूस चुकला की जास्त नुकसान करतो, म्हणून केलेला आहे. दुसऱ्या कुणीतरी कोड बघायचा, हरकत घ्यायची, गरज पडल्यास परत पाठवायचा. हेच इंजिनिअर देशाचा विषय निघाला की म्हणतात, ‘एक चांगला सीईओ बसवा आणि त्याला मोकळा हात द्या.’ गोटाबायांना मोकळा हात मिळाला होता. राजकारणाच्या वर असलेला माणूस म्हणजे ज्याला कुणी अडवू शकत नाही असा माणूस, हे श्रीलंकेला एप्रिल २०२२ मध्ये कळलं, जेव्हा सरकारने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. पेट्रोलच्या रांगा, दिवसाचे तास न् तास वीज गायब, इस्पितळांत औषधं नाहीत. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात शिरले आणि चार दिवसांनी ‘काम करणारा माणूस’ लष्करी विमानातून देश सोडून गेला.

आता विक्रमसिंघे. त्यांच्याबद्दल प्रामाणिकपणे बोललं पाहिजे, कारण ‘मतदार कृतघ्न असतात’ असं म्हणणाऱ्यांचा सगळा भार त्यांच्यावर आहे. जुलै २०२२ मध्ये संसदेने त्यांना १३४ मतांनी राष्ट्राध्यक्ष केलं. २०२३ मध्ये त्यांनी नाणेनिधीकडून सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घेतलं. २०२२ च्या सप्टेंबरात ७० टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई निवडणुकीच्या सुमारास जवळपास शून्यावर आली होती. रांगा संपल्या होत्या. कुठल्याही डॅशबोर्डवर ही कामगिरी हिरव्या रंगात दिसली असती. मतं मिळाली १७.२७ टक्के.

का? महागाई वाढायची थांबली, पण वाढलेले भाव खाली आले नाहीत, आणि पगार तिथेच राहिले. जानेवारी २०२४ मध्ये व्हॅट १८ टक्के झाला. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्के आणि सहा महिन्यांनी आणखी ६६ टक्के वाढले होते. देश बुडवणाऱ्यांचं बिल चहाच्या टपरीवाल्याने भरलं, आणि विक्रमसिंघे मात्र संसदेत बुडवणाऱ्यांच्याच पक्षाच्या मतांवर उभे होते. शिवाय २०२३ मध्ये व्हायच्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत या सबबीवर त्यांच्या सरकारने होऊच दिल्या नाहीत. यात नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. मुंबई-पुण्यात २०२२ पासून वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार बघितलेल्या आपल्याला यात काय खटकतं हे समजायला हरकत नसावी. तिथला मतदार आकड्यांबद्दल अडाणी नव्हता. पैसे कुणाच्या खिशातून गेले आणि विचारायची सोय कुणी बंद केली, हे दोन आकडे त्याने जास्त नीट वाचले.

मग दिसानायके यांच्याकडे काय होतं? आश्वासनं होती, पण ती सगळ्यांकडेच होती. राष्ट्राध्यक्षाच्या हातात एकवटलेली सत्ता संपवू, हे वचन तिथे १९९४ पासून उमेदवार देत आलेत. दिसानायके यांच्याकडे एक गोष्ट होती जी निवडणुकीच्या तोंडावर तयार करता येत नाही. तो हरण्याचा इतिहास. २००० पासून संसदेत. पक्ष, जनता विमुक्ती पेरामुना, खासदारांचा पगार पक्षाच्या निधीत जमा करून घेणारा. २०२० च्या संसदेत त्यांच्या आघाडीचे फक्त ३ खासदार. सत्तेकडे उडी मारणं हा ज्या संसदेत नित्याचा प्रकार आहे, तिथे हा माणूस कागदपत्रं घेऊन घोटाळ्यांवर भाषणं करत तीन टक्क्यांत बसून राहिला. २०१६ मध्ये मध्यवर्ती बँकेच्या रोखे घोटाळ्यावर संसदीय समितीचा अहवाल आला, तेव्हा त्या समितीचे अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे सुनील हंदुन्नेत्ती होते.

भाषण कुणीही लिहून देतो. रील कुणीही एडिट करून देतो. पंचवीस वर्षांचा लॉग मात्र मागे जाऊन बदलता येत नाही. सत्तेसाठीच राजकारण करणारा माणूस इतकी वर्षं इतक्या कमी मतांवर टिकतच नाही, कधीच पक्ष बदलतो. जी ३ टक्के मतं आपण त्याच्या नालायकीचा पुरावा समजत होतो, तीच २०२४ मध्ये त्याची सगळ्यांत मोठी पात्रता ठरली.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. सत्ताच मिळाली नाही तर हात स्वच्छ राहणारच, त्यात कसलं कौतुक? आक्षेप निम्मा बरोबर आहे. पण सत्ता अगदीच मिळाली नव्हती असं नाही. २००४ मध्ये दिसानायके कृषिमंत्री झाले होते आणि २००५ मध्येच त्यांच्या पक्षाने मंत्रिपदांवर पाणी सोडलं. खुर्ची सोडणारा नेता विरळाच, म्हणून सिंहली मतदाराला याचं अप्रूप वाटू शकतं. पण का सोडली? त्सुनामीनंतरच्या मदतीचं वाटप तमिळ वाघांसोबत मिळून करायला त्यांचा विरोध होता. त्या मदतीची वाट बघणारी माणसं उत्तर आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर होती. २००६ मध्ये उत्तर आणि पूर्व प्रांत वेगळे करायला न्यायालयात गेला तोही हाच पक्ष. १९७१ आणि १९८७ ते ८९ मध्ये शस्त्रं हातात घेतली तीही याच पक्षाने. दुसऱ्या उठावातल्या हत्यांबद्दल दिसानायके यांनी पक्षाची सूत्रं आल्यावर २०१४ मध्ये माफी मागितली. तमिळांच्या वाट्याला मात्र अशी स्पष्ट माफी आली नाही.

म्हणून ‘वैतागलेला मतदार’ हा एकवचनी शब्दच फसवा आहे. गॉल फेसवरच्या आंदोलनात आलेल्या कोलंबोच्या तरुणाचा वैताग २०२२ चा होता. जाफनातल्या बाईचा वैताग त्याच्या जन्माआधीचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर-पूर्वेने दिसानायके यांना जवळ केलं नाही. लॉग तिनेही वाचला होता, फक्त वेगळी पानं वाचली होती. दोन महिन्यांनी संसदेच्या निवडणुकीत मात्र जाफना जिल्ह्यात त्यांची आघाडी पहिली आली. याला कुणी प्रेम म्हणू नये. जुन्या तमिळ पक्षांना कंटाळून दिलेली ती उधारी आहे.

त्या निवडणुकीत आघाडीला २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. गोटाबायांच्या पक्षापेक्षा जास्त. मला या निकालाचा आनंद आहे आणि या आकड्याची भीती वाटते. स्वच्छ माणसाच्या हातात मोकळी सत्ता दिली की पुन्हा तोच धोका उभा राहतो. माणूस बदलला तरी पदाचे अधिकार तेवढेच असतात. थोडा धीर येतो तो नंतरच्या घटनांनी. त्यांच्याच पक्षाचे सभापती अशोक रनवाला यांना आपल्या डॉक्टरेटचा पुरावा देता आला नाही, तर डिसेंबरातच पद सोडावं लागलं. रखडलेल्या स्थानिक निवडणुका मे २०२५ मध्ये झाल्या आणि संसदेला ६१ टक्क्यांवर गेलेली मतं ४३ टक्क्यांवर आली. यालाही आपल्याकडे ‘लोकांचा भ्रमनिरास’ म्हटलं गेलं. मी याला लक्ष ठेवणं म्हणतो. एकदा पोळलेल्या मतदाराने विश्वास हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरवलेलं दिसतं.

आपल्याकडे राष्ट्राध्यक्ष नाही, पण एकाच माणसाला थेट निवडून सगळं त्याच्यावर सोपवण्याची हौस आहे. थेट सरपंच २०१७ मध्ये आणला, २०२० मध्ये काढला, २०२२ मध्ये परत आणला. पक्ष फुटताना आणि चिन्हं वाटली जाताना आपण थेट प्रक्षेपण पाहिलं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये दुसऱ्या क्रमांकाची मतं नोटाला पडली. वैताग भरपूर आहे. तो वापरायला कुणीतरी येणार, चांगल्या इंग्रजीत बोलणार, चकचकीत प्रेझेंटेशन दाखवणार आणि म्हणणार की मी राजकारणी नाही.

तेव्हा त्याची डिग्री विचारू नका, योजना विचारू नका. काहीच मिळत नव्हतं त्या वर्षांत तू कुठे होतास, हे विचारा. आणि तू चुकलास तर तुला कोण अडवणार, त्याचं नाव सांग म्हणा. ‘मला अडवायची वेळच येणार नाही’ असं उत्तर आलं, तर श्रीलंकेने हे उत्तर २०१९ मध्ये ऐकलं होतं, आणि त्याचे हप्ते तिथली माणसं आजही विजेच्या बिलात भरताहेत.