एका श्वासाची उसंत

श्वास आपोआप चालतो, म्हणूनच त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो. मन क्षुब्ध झाले की ही गती वाढते, श्वास उथळ होतो. हृदयाचे ठोके थेट आपल्या आज्ञेत नसतात. श्वास मात्र काही अंशी असतो. उच्छ्वास संथ केला की हृदयाची गतीही किंचित मंदावते. बौद्ध परंपरेतील ‘आनापानसती’ म्हणजे येत्या-जात्या श्वासाचे भान.

माझ्या मते हे भान केवळ आसनावर बसून राखण्याचे नाही. काउंटरपुढे रांग वाढलेली असताना, चिडलेल्या ग्राहकाला उत्तर देण्यापूर्वी कर्मचाऱ्याने एक श्वास सजगपणे घ्यावा व सोडावा. ग्राहकांनीही, ‘खाते आत्ताच बंद होईल, ओटीपी सांगा’ असा दूरध्वनी आल्यास हेच करावे. फसवणाऱ्याचे सारे बळ आपल्या घाबरण्यात असते. श्वास काही खात्याचे रक्षण करीत नाही. पण फोन ठेवून शाखेत चौकशी करावी, हे सुचण्याइतकी उसंत तो निश्चित देतो. तेवढी उसंत आपण स्वतःला द्यायला हवी.